जुन्या स्मार्टफोनसाठी घरी बनवलेली मोठी बॅटरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी त्यांच्या गॅलेक्सी एस२ मध्ये रेकॉर्ड केल्या होत्या. आजी गेली, फोन कपाटात गेला आणि काही वर्षांनी काढला तेव्हा बॅटरी पाऊण तासात मान टाकत होती. ओव्या केव्हाच दुसरीकडे कॉपी करून ठेवल्या आहेत, पण बाबांना त्या त्याच फोनवर ऐकायच्या असतात. त्या फोनसाठी मी दोन मोठ्या सेलची बॅटरी बनवली. पहिला प्रयत्न फसला, दुसरा जमला. तेव्हापासून ओळखीतले लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत.

मोठी बॅटरी बनवायची म्हणजे नेमके काय करायचे?

फोनमधली मूळ बॅटरी काढायची. तिच्या जागी तेवढ्याच मापाची एक डमी बसवायची, म्हणजे आत सेल नसलेली, नुसत्या तांब्याच्या पट्ट्या असलेली प्लेट. डमीपासून वायरी बाहेर आणून त्या पाठीमागे किंवा शेजारी ठेवलेल्या मोठ्या सेलना जोडायच्या. फोनला वाटते आपली नेहमीचीच बॅटरी आहे, फक्त ती लवकर संपत नाही.

एस२ ची मूळ बॅटरी ३.७ व्होल्ट, १६५० एमएएच. म्हणजे साधारण ६ वॉट-तास ऊर्जा. लॅपटॉपमध्ये असतात तसे १८६५० मापाचे, २५०० एमएएचचे दोन सेल समांतर जोडले की ५००० एमएएच होतात, म्हणजे १८.५ वॉट-तास. म्हणजे ऊर्जा सरळ तिप्पट मिळते. १८६५० हे नाव मापावरूनच पडले आहे. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य गोल आकाराचे. एका सेलचे वजन ४५ ते ४८ ग्रॅम, म्हणजे फोन खिशात ठेवायचा राहत नाही. तो टेबलावरचा किंवा फडताळावरचा होतो.

हे कोणत्या फोनला जमते?

मागचे कव्हर नखाने उघडते आणि बॅटरी हाताने निघते, अशाच फोनला. बॅटरी आत चिकटवलेली असेल तर हा नाद सोडा. चिकटवलेली बॅटरी पापुद्र्यासारख्या पिशवीत असते. ती उचकटताना पिशवीला टोक लागले तर आत शॉर्ट होऊन ती हातातच पेटू शकते. अशा फोनची बॅटरी दुकानातून बदलून घ्यावी.

दुसरी अट व्होल्टेजची. ती पुढच्या प्रश्नात.

माझ्याकडे गॅलेक्सी एस३ आहे. त्याला १८६५० सेल लावू का?

साधे सेल लावू नका. हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साधा लिथियम-आयन सेल ४.२० व्होल्टला पूर्ण भरतो. त्याच्यावर लिहिलेले ३.६ किंवा ३.७ व्होल्ट ही सरासरी असते. २०१२ च्या सुमारास कंपन्यांनी जास्त व्होल्टेज सहन करणारे सेल वापरायला सुरुवात केली. ते ४.३५ व्होल्टपर्यंत भरतात आणि त्यांच्यावर ३.८ व्होल्ट लिहिलेले असते. एस३ ची २१०० एमएएचची बॅटरी या दुसऱ्या प्रकारातली आहे.

चार्जिंग कुठे थांबवायचे हे फोनमधली चिप ठरवते. एस३ ची चिप ४.३५ पर्यंत रेटत राहणार, कारण तिच्या दृष्टीने तेच पूर्ण. तिथे ४.२० चा सेल असेल तर तो दर वेळी जादा चार्ज होईल. असा सेल पहिल्या दिवशी काही दाखवत नाही. आतल्या ग्रॅफाइटच्या थरावर लिथियम साचत जाते, सेल गरम होऊ लागतो, आणि एके दिवशी संकट उभे राहते. मूळ बॅटरीचा बोर्ड, म्हणजे सेल जादा भरला तर जोडणी तोडणारी तिच्यातली छोटी पट्टी, हीही इथे वाचवत नाही, कारण तीसुद्धा ४.३५ च्या वरच तोडण्यासाठी बनवलेली असते.

म्हणून नियम सोपा ठेवा. जुन्या बॅटरीच्या लेबलवर ३.७ व्होल्ट असेल तर साधे सेल. ३.८ किंवा त्याहून जास्त असेल तर ४.३५ साठीच बनवलेले सेल मिळाले तरच हात घाला. ते किरकोळीत सहज मिळत नाहीत.

पॉवर बँक असताना हा खटाटोप कशाला?

बहुतेकांना पॉवर बँकच पुरते, आणि विचारणाऱ्या दहापैकी आठ जणांना मी तेच सांगतो. पण पॉवर बँकेत सेलचे ३.७ व्होल्ट आधी ५ व्होल्टपर्यंत चढवले जातात, मग फोन ते पुन्हा उतरवून आपल्या बॅटरीत भरतो. या दोन्ही पायऱ्यांवर ऊर्जा उष्णतेत जाते. त्यात फोनमधली मूळ बॅटरी मेलेली असेल तर पॉवर बँक लावूनही फोन धड सुरू राहत नाही. आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलची नवी म्हणून विकली जाणारी बॅटरी पुष्कळदा कारखान्यातून निघून वर्षानुवर्षे पडून राहिलेली असते. पडून राहिलेला लिथियम सेलही म्हातारा होतो.

एके काळी फुगीर कव्हरसकट मोठ्या बॅटऱ्या तयार मिळत. झीरोलेमन कंपनीची एस३ साठीची बॅटरी ७००० एमएएचची होती. आता त्या फोनसाठी ताजा माल मिळणे अवघड.

सेल कुठून आणू? जुन्या लॅपटॉपचे चालतील का?

नवे सेल घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, अशा ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. दुकानदाराकडे मल्टिमीटर मागा आणि सेलचे व्होल्टेज मोजून पाहा. नवा सेल सहसा ३.५ ते ३.७ व्होल्टच्या दरम्यान असतो.

वेष्टनावर ५०००, ९९०० असे आकडे दिसले तर तो सेल खाली ठेवा. १८६५० मापात ३५०० एमएएचच्या आसपासच मजल जाते. खोटा सेल हातात घेतला की कळतो, तो हलका असतो. ३० ग्रॅमचा सेल म्हणजे आत अर्धी जागा रिकामी.

लॅपटॉपच्या पॅकमधले सेल वापरता येतात, पण त्यांची परीक्षा घ्यावी लागते. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करून वापरू नका. इतक्या खाली गेल्यावर आतले तांबे विरघळू लागते आणि चार्जिंगमध्ये ते नको तिथे जमा होऊन आतूनच शॉर्ट करते. २ व्होल्टच्या वर असलेला सेल पूर्ण भरून पंधरा दिवस तसाच ठेवा. ४.२० चा ४.१० च्या खाली आला तर तो बाद. गंजलेला, दबलेला, वेष्टन फाटलेला सेलही बाद. पॅक फोडताना स्क्रू ड्रायव्हर घसरून सेलला खड्डा पडतो हे मी दोनदा पाहिले आहे, म्हणून नवख्या माणसाने या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

दोन सेल कसे जोडायचे?

समांतर. प्लसला प्लस, मायनसला मायनस. एकापुढे एक जोडले तर व्होल्टेज दुप्पट होईल आणि फोन तिथेच संपेल.

जोडण्याआधी दोन्ही सेलचे व्होल्टेज मोजा. फरक ०.०५ व्होल्टपेक्षा कमी हवा. एक ४.१ वर आणि दुसरा ३.५ वर असताना जोडले तर काय होते पाहा. फरक ०.६ व्होल्ट, दोघांचा आतला रोध मिळून साधारण ०.१ ओहम, म्हणजे क्षणात ६ अँपिअर एका सेलमधून दुसऱ्यात घुसतात. २५०० एमएएचच्या सेलला चार्जिंगसाठी सव्वा अँपिअर पुरे असतो. दोन्ही सेल वेगवेगळे पूर्ण भरून घेतले की हा प्रश्नच राहत नाही. सेल एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घेतलेले असावेत. एक जुना आणि एक नवा ही जोडी नको.

बॅटरीला तीन-चार पिना का असतात? मी फक्त प्लस-मायनस जोडले तर फोन सुरू होत नाही.

कारण तिसरी पिन फोनला माहिती देते. काही फोनमध्ये तिथे थर्मिस्टर असतो. २५ अंशांना त्याचा रोध साधारण १० किलो-ओहम, गरम झाला की तो कमी होतो, त्यावरून फोन बॅटरीचे तापमान ओळखतो आणि गरज पडली तर चार्जिंग थांबवतो. जुन्या नोकियाच्या बीएल-५सी मध्ये तिसऱ्या पिनेमागे ठरावीक रोध असायचा, त्यावरून फोन बॅटरी कुठली ते ओळखायचा. एस३ मध्ये चौथी पिनही आहे, कारण एनएफसीची, म्हणजे फोन जवळ टेकवून माहिती देण्याघेण्याच्या सोयीची, अँटेना बॅटरीवरच चिकटवलेली होती.

तिसऱ्या पिनेवर १० किलो-ओहमचा साधा रेझिस्टर लावा, फोन सुरू होईल, असे कोणी तरी नक्की सांगेल. सुरू होतो हे खरे. पण मग सेल तापून लाल झाला तरी फोनला कायम २५ अंशच दिसत राहतात. तसे करू नका. जुन्या बॅटरीचा बोर्डच वापरा.

तो बोर्ड कसा काढायचा, आणि कुठे बसवायचा?

माझा पहिला प्रयत्न इथेच फसला.

बोर्ड बॅटरीच्या पिनांच्या बाजूला, प्लास्टिकच्या टोपीखाली असतो. बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी. तिच्यावरची चिप सेल जादा भरला, जादा उतरला किंवा शॉर्ट झाला तर जोडणी तोडते. काढण्याआधी बॅटरी फोनमध्येच पूर्ण उतरू द्या, म्हणजे चूक झाली तरी आत फारशी ऊर्जा नसते. फुगलेली बॅटरी मात्र उघडूच नका, तिचा बोर्ड विसरा. लेबल सोलून टोपी काढली की बोर्डाला जोडलेल्या दोन निकेल पट्ट्या दिसतात. एक पट्टी कापा, तिच्यावर लगेच टेप लावा, मगच दुसरी कापा. दोन्ही एकदम कात्रीत धरल्या तर कात्रीच शॉर्ट करते. या बॅटरीचा ॲल्युमिनियमचा डबा सहसा स्वतःच प्लस असतो, त्यामुळे मायनसची पट्टी डब्याला टेकू देऊ नका. डब्याला भोक पाडण्याची, तो उघडण्याची गरज कुठेच नसते.

पहिल्या वेळी मी बोर्ड फोनमध्येच त्याच्या मूळ जागी ठेवला आणि सेलपासून तिथपर्यंत वायरी नेल्या. सोपे वाटले, फोनही चालला. आठवड्याने कव्हरच्या कडेवर घासून वायरीचे आवरण गेले आणि दोन वायरी एकमेकींना टेकल्या. बोर्ड मख्ख, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे झाला होता. सेल आणि बोर्ड यांच्यामधल्या वायरीला कोणाचेच संरक्षण नव्हते. आवरण वितळून टेबलाच्या सनमायक्यावर दोन काळ्या रेघा उठल्या. मी समोर होतो आणि वायर ओढून काढली, म्हणून तेवढ्यावर भागले.

तेव्हा बोर्ड सेलला चिकटून बसवा. सेल, बोर्ड आणि मग लांब वायरी असा क्रम. असे केले की वायर कुठेही शॉर्ट झाली तरी बोर्ड तोडतो. आणि थर्मिस्टर बोर्डावर असेल तर तोही सेलच्या अंगाला लागतो, म्हणजे फोनला खरे तापमान कळते. फोनमध्ये बसते ती फक्त डमी. मी जुन्या बॅटरीच्या जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा कापला, मूळ पिनांच्या समोर तांब्याच्या पट्ट्या चिकटवल्या आणि बोर्डाच्या प्रत्येक पिनेपासून एक वायर तिथे आणली. जोडण्याआधी जुन्या लेबलवरची प्लस-मायनसची खूण तीनदा पाहा. कव्हरला वायर बाहेर यायला खाच पाडा, खाचेची धार कानशीने मोडा आणि वायर आतल्या बाजूने गरम गोंदाने धरून ठेवा, म्हणजे ओढ जोडावर येत नाही.

सगळे जोडले, पण बोर्डाच्या पिनांवर शून्य व्होल्ट दाखवतोय. बोर्ड मेला का?

बहुधा नाही. सेल काढून पुन्हा जोडला की असे बरेच बोर्ड तोडलेल्या अवस्थेत राहतात. फोनला चार्जर लावा, काही क्षणांत बोर्ड जागा होतो.

सेलवर थेट सोल्डर करू का?

नको. सेलच्या आत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, तो १३० अंशांच्या आसपास वितळतो. सोल्डरिंग आयर्नचे टोक ३५० अंशांचे. मायनसच्या सपाट बाजूला सोल्डर लवकर धरत नाही, माणूस टोक दाबून धरतो, आणि नुकसान आत होते, बाहेरून दिसत नाही.

निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे क्षणभर विजेचा झटका देऊन ठिपक्यापुरते जोडण्याच्या पद्धतीने, लावून घ्या. ई-बाईकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे बहुतेक कारागीर हे मशीन ठेवतात आणि दोन सेलचे काम पाच मिनिटांत करून देतात. मग पट्टीच्या मोकळ्या टोकावर तुम्ही खुशाल सोल्डर करा. दुसरा पर्याय दोन खणांच्या सेल होल्डरचा, पण तो समांतर जोडणीचा आहे ना हे मीटरने तपासा. होल्डरमध्ये सेल उलटा बसू शकतो, म्हणून आत ठळक खुणा करा.

फोन चालतो, पण कॉल लावला की बंद पडतो. ५० टक्के बॅटरी असताना!

वायर बारीक आहे. २जी वर बोलताना फोन सलग प्रक्षेपण करत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांनी अर्ध्या मिलिसेकंदापुरता झटका देतो आणि त्या क्षणी सुमारे २ अँपिअर ओढतो. २० सेंटिमीटर लांबीची ३० गेजची वायर घेतली, तर जाऊन-येऊन ४० सेंटिमीटरला साधारण ०.१३ ओहम रोध होतो. २ अँपिअरला पाव व्होल्टहून जास्त वायरीतच गळते. सेलवर ३.६ असले तरी फोनपाशी ३.३ पोचतात आणि तो बॅटरी संपली समजून झोपतो. २२ गेजची, म्हणजे जाड, सिलिकॉन वायर लावा, गळती ०.०४ व्होल्टवर येते. वायर जितकी आखूड तितके चांगले. डमीच्या पट्ट्या काळवंडल्या असतील तरी हेच होते, त्या बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.

चार्ज व्हायला किती वेळ लागतो?

जुना फोन एक अँपिअर किंवा त्याहूनही कमी वेगाने चार्ज करतो. ५००० एमएएचला सात-आठ तास धरा. मोठा चार्जर लावून फरक पडत नाही, वेग फोन ठरवतो. काही फोनमध्ये ठरावीक तासांनी चार्जिंग थांबवणारे घड्याळ असते, ते मध्येच थांबले तर चार्जर काढून पुन्हा लावा. मी दिवसा, घरात कोणी तरी जागे असतानाच चार्ज करतो. रात्री उशाशी लावून झोपत नाही.

टक्केवारी काहीही दाखवते.

दाखवणार. व्होल्टेजवरून अंदाज करणारा फोन बऱ्यापैकी जुळवून घेतो. आत-बाहेर जाणारा विद्युतप्रवाह मोजणारा फोन मात्र अजून १६५० एमएएचच धरून बसलेला असतो, त्यामुळे आकडा भराभर उतरतो आणि मग १ टक्क्यावर तासन्तास अडतो. दोन-तीनदा पूर्ण भरून पूर्ण उतरवल्यावर थोडा सुधारतो. बाबा आता तो आकडा बघतच नाहीत, दर रविवारी चार्जिंगला लावतात.

विदर्भातल्या उन्हाळ्यात चालेल का?

वापर चालेल, चार्जिंग जपून. लिथियम-आयन सेल ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करायचा असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला दुपारी हवेचेच तापमान तिथे पोचते. पहाटे किंवा कूलरच्या खोलीत चार्ज करा. उभ्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. कोकणातल्या पावसाळ्यात भीती गंजाची आहे. जोड झाकलेले ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून पाहा.

पेटली तर काय करायचे?

शिटीसारखा आवाज, गोडसर रसायनाचा वास किंवा फुगवटा, यांपैकी काहीही जाणवले की आधी भिंतीवरचे बटण बंद. धूर येऊ लागला असेल तर बॅटरी हातात घेऊ नका, माणसांना बाहेर काढा. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, तो फुफ्फुसांना जाळतो. चार्जर सुटलेला असेल तर दुरून भरपूर पाणी ओता. दोन सेलच्या आगीला थंड करणे हाच उपाय, आणि त्यासाठी पाणी चांगले. ज्वाळा विझल्यावरही शेजारचा सेल काही मिनिटांनी पेटू शकतो. आग फर्निचरला लागली तर १०१ ला फोन करा. मी चार्जिंग नेहमी फरशीवर, पडद्यापासून दूर करतो.

अशी बॅटरी विमानात नेता येते का? बनवून विकली तर?

सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या बॅगेत चालते आणि सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. आपली १८.५ ची आहे, पण वायरी निघालेली, लेबल नसलेली वस्तू सुरक्षा तपासणीत अडवली जाईल आणि अडवावीच. घरी ठेवून जा. विकण्याचे म्हणाल तर भारतात लिथियम सेल आणि बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाप्रमाणे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. स्वतःच्या फोनसाठी स्वतःच्या नजरेखाली वापरणे वेगळे. मी शेजाऱ्यांनाही बनवून देत नाही, हवे तर शेजारी बसून शिकवतो.

एवढे करून त्या फोनवर चालते काय?

एस२ मध्ये ४जी नाही, त्यामुळे जिओचे सिम चालणार नाही. एअरटेलने ३जी २०२० मध्येच बंद केले. २जी वर कॉल होतात. अँड्रॉइड ५ च्या खाली असल्याने व्हॉट्सॲपही नाही. पण एफएम रेडिओ आहे, त्याला इंटरनेट लागत नाही, फक्त इअरफोनची वायर अँटेना म्हणून लावावी लागते. गजर, गाणी, रेकॉर्डिंग ठीक चालते.

मूळ बॅटरीचा उरलेला डबा आणि बाद सेल कुठे टाकू?

घंटागाडीत नाही. कचरा दाबणाऱ्या गाडीत तो चेपून पेट घेतो आणि धोका सफाई कामगाराला होतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी द्यायची असते. दोन्ही टोकांवर टेप लावा, प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि महापालिकेच्या ई-कचरा संकलनात किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रावर द्या. तोपर्यंत डबा बाल्कनीत, सावलीत ठेवा, देव्हाऱ्याखालच्या खणात किंवा गॅसच्या ओट्याखाली नको.